म्हाताऱ्या गवंड्याचे दगड

आमच्या घरात दोन आवाज असे होते, की ते थांबले तरच कानाला कळायचे. एक भिंतीपलीकडच्या शेडमधल्या मागांचा आणि दुसरा अम्माच्या कात्रीचा. मागांमुळे आम्ही सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलायचो. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, घरात भांडण पेटलंय आणि आपण चुकीच्या वेळी आलोय. माझे वडील, म्हणजे नायना, त्या शेडमध्ये टॉवेल विणायचे. अम्मा ओसरीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं बोटं आपापली करायची, आणि अम्मा तोंडानं गल्लीचा कारभार बघायची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, दाराबाहेर मराठी. अम्मा मात्र दोन्हींची अशी सरमिसळ करायची, की कुठली भाषा कुठं संपली हे तिलाही सांगता आलं नसतं. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि चिंचेचा चारू, म्हणजे पातळ सार. रविवारी पुंटीकूर, म्हणजे अंबाडीची भाजी. घरातल्या प्रत्येक पदार्थाला तंबाखूचा पुसटसा वास असायचा. अकलूजला शाळेत नोकरीला आल्यावर पहिले कित्येक महिने मला इथलं जेवण अळणी लागायचं. मीठ कमी नव्हतं, तो वास नव्हता, हे कळायला मला फार दिवस लागले.

या घरात ठोकळे आले ते नायनांमुळे. ते जुन्या बाजारातून एकदा एक पिशवी घेऊन आले. एकमेकांवर बसवायचे प्लास्टिकचे ठोकळे, बहुतेक करडे, काही काळे, एक पाय मोडलेला घोडा आणि त्याच्यावर बसायला डोकं नसलेला शिपाई. "परदेशी माल हाय," नायना म्हणाले. "शिक्का बग की बारीक." अम्मानं तो शिपाई दोन बोटांत धरून उजेडात पाहिला आणि म्हणाली, "डोस्कं न्हाय. असलं घरात आणत्यात व्हय?" तिनं त्याला देवळीतल्या हळदीचं बोट लावलं आणि मग माझ्या हातात दिला. अम्माचं हे असंच होतं. बाहेरून आलेली वस्तू आधी तिच्या हाताखालून जायची आणि मगच घरातली व्हायची. नवी साडी असो, मेलेल्या आत्याचा तांब्या असो, नाहीतर मुंडकं नसलेला शिपाई असो.

काय बनवायचं होतं, याचा कागद पिशवीत नव्हता. मी लावून लावून थकले. एक बुरूज व्हायचा, पण दार कुठं, पूल कुठं, काही समजेना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं सायबर कॅफे होतं. अम्माच्या ओसरीतून ते दिसायचं, म्हणून मला तिथं जायची मुभा होती. सलीमभाईंनी त्या बारीक शिक्क्यावरून कुठं कुठं शोधलं आणि इंटरनेटवरच्या एका मंडळीपाशी नेऊन सोडलं. जगभरातली मोठमोठी माणसं, कुणी मास्तर, कुणी ट्रक चालवणारं, कुणी दवाखान्यात नर्स, आणि सगळी मिळून फक्त मध्ययुगातले किल्ले बांधत होती, याच ठोकळ्यांचे. बांधायचे, फोटो टाकायचे आणि एकमेकांच्या तटबंदीत खोट काढायची. खऱ्या नावानं तिथं कुणीच नव्हतं. कुणी सरदार, कुणी लोहार, कुणी काळा घोडेस्वार. नवा माणूस आला की त्याला शेतकरी म्हणायचे. लिहीत राहिला की शिपाई, मग किल्लेदार, अशी बढती मिळायची. टोपणनावाचं तिथं जवळजवळ सोवळं होतं. कुणी कुणाला खरं नाव विचारणं म्हणजे चिलखत उतरवायला सांगण्यासारखं, असं ते मानत. "तेरा नाम क्या डालूँ?" सलीमभाईंनी विचारलं. मला आपल्या सोलापूरच्या किल्ल्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. "भुईकोट," मी म्हटलं.

माझ्या पहिल्याच फोटोखाली ज्यानं लिहिलं, त्याच्या टोपणनावाचं मराठी करायचं तर 'म्हातारा गवंडी'. फोटो काढायचा म्हणजे सोपं नव्हतं. कॅमेरा सलीमभाईंच्या संगणकाच्या डोक्यावर, वायरीला बांधलेला. म्हणून मी किल्ला अम्माच्या जुन्या सुपात ठेवून, वर नायनांच्या शेडमधला टॉवेल झाकून, गल्लीतून मिरवत न्यायची. शेजारची शांताक्का रोज विचारायची, "काय गं, परसाद व्हय?" आणि रोज स्वतःच हसायची. त्या पहिल्या फोटोखाली सगळ्यांनी औपचारिक स्वागत केलं. म्हाताऱ्या गवंड्यानं मात्र लिहिलं, की तुझा जिना फार उभा आहे, तुझे शिपाई वर जाईपर्यंत शत्रू जेवून झोपलेला असेल. आणि खाली एक ओळ: किल्ल्याखाली ते विणलेलं पसरट भांडं काय आहे, आणि त्यात तो तपकिरी चुरा कसला?

मंडळीत सगळं इंग्रजीत चालायचं, म्हणून सलीमभाईंनी वाचून अर्थ सांगितला. मी सांगितलं, सूप. तंबाखू. माझी आई विड्या वळते. त्यानं पुढं विचारलं, एक विडी वळायला काय काय करावं लागतं, आणि तिची पाठ दुखत नाही का. तिचं नाव काय. मी लिहिलं, नरसम्मा. त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी नरसम्माची चौकशी यायला लागली. बुरुजाच्या टोकाला दात कसे काढावेत, भिंत अगदी सपाट झाली तर ती खोटी दिसते म्हणून मधेच एखादा ठोकळा कसा पुढं सरकवावा, दोन ठोकळे घट्ट बसले पाहिजेत पण सुटलेही पाहिजेत, हे सगळं सांगून झालं की, नरसम्माची पाठ कशी आहे? शेवटचं अम्माला सांगितलं तर ती खूश झाली. "विडीचं बी तसंच की," ती म्हणाली. "सैल वळली तर कारखान्यात काढून टाकत्यात, घट्ट वळली तर वढणाऱ्याचा जीव जातोय. शाना हाय तुजा म्हातारा." तेव्हापासून आमच्या घरात तो 'पद्मीचा', म्हणजे माझा, म्हातारा झाला. जेवताना नायनासुद्धा विचारायचे, "म्हातारा काय म्हणतोय?"

त्यानंच मला आमच्या खऱ्या भुईकोटात पाठवलं. त्याला तिथली दुहेरी तटबंदी पाहायची होती. मी सोलापुरात जन्मून तिथं फक्त शाळेच्या सहलीत चिवडा खायला गेले होते. नायना सुट्टीच्या दिवशी मला सायकलवर घेऊन गेले आणि आम्ही बापलेक तटाच्या कडेकडेनं पावलं मोजत फिरलो. माझ्याकडं करडे ठोकळे पुरत नव्हते, म्हणून मी बाहेरचा तट करड्या रंगात आणि आतला लाल-पिवळ्यात बांधला. बाकीच्यांना तो सर्कशीसारखा वाटला. म्हाताऱ्यानं लिहिलं, की दगड नसताना जो किल्ला बांधतो त्यालाच किल्लेदार म्हणायचं. आणि माझी बढती झाली. सलीमभाईंनी त्या दिवशी कॅफेतल्या सगळ्यांना चहा पाजला.

हे सगळं लिहिताना मला आता एक गोष्ट लख्ख दिसते, आणि ती तेव्हा दिसली नाही याचीच टोचणी आहे. त्याला माझ्या आईचं नाव माहीत होतं, तिची पाठ माहीत होती, बापाची शेड माहीत होती, दहावीला गणितात मी कशी काठावर सुटले तेही माहीत होतं. आणि मला? त्याच्याकडं बर्फ पडतो, एवढं. तेही त्यानं आपणहून लिहिलं होतं, ठोकळे थंडीत ठिसूळ होतात हे सांगताना. मी त्याला एकदासुद्धा उलटं विचारलं नाही, की बाबा, तुला कोण आहे, तू जेवलास का, तुझी पाठ कशी आहे. आपण सोलापूरकर तर रस्त्यात भेटलेल्या परक्या माणसालाही गाव, भावकी, सोयरीक विचारून मोकळे होतो. मंडळीत तसं विचारायची पद्धत नाही, ही सबब माझ्याकडं होती. पण पद्धत त्यालाही लागू होतीच ना?

मग मी कॉलेजात गेले. मोबाइल आला, मैत्रिणी आल्या, आणि किल्ला कपाटावर गेला. म्हाताऱ्याची चौकशी यायची. मी दोनदा वाचून एकदा उत्तर द्यायची, मग तेही राहून जायला लागलं. त्यानंतर एक दिवस मंडळीच्या पहिल्याच पानावर काळ्या चौकटीत त्याचं टोपणनाव दिसलं.

त्या मंडळीत एक रीत होती. कुणी गेलं, की त्याचा किल्ला मोडायचा आणि त्याचे दगड वाटायचे. ठोकळ्यांना ते दगडच म्हणत. ज्यानं ज्यानं हात वर केला, त्याला मूठभर दगड टपालानं जायचे. त्यानं ते आपल्या किल्ल्याच्या भिंतीत बसवायचे आणि ठरलेल्या एका दिवशी सगळ्यांनी एकदम फोटो टाकायचे, म्हणजे गेलेल्या माणसाचा किल्ला त्या दिवशी जगभर एकदम उभा राहतो. मी हात वर केला. वर करताना रडले, हे खरं. पण रडता रडता मनात आलं, की म्हाताऱ्याकडं तो जुना, उबदार करडा रंग होता, आता कारखान्यात बनत नाही तो. हेही खरंच आहे आणि ते लिहिलं नाही तर या प्रकरणाला अर्थ नाही.

पाकीट आलं तेव्हा मी कॉलेजला निघाले होते. दगड वाटायचं काम ज्याच्याकडं होतं, त्या 'लोहारा'नं पाठवलेलं. आत जुने करडे ठोकळे आणि खिडकीची एक छोटी कमान. चिठ्ठीत एवढंच: भुईकोटसाठी, त्याच्या उत्तरेच्या बुरुजातून.

"काय गं ते?" अम्मानं सूप बाजूला ठेवत विचारलं.

"ठोकळे. माझा तो म्हातारा होता ना, तो वारला. त्याचे आहेत."

"अय्यो," अम्मा म्हणाली. "कदी?"

"झाले दिवस. अम्मा, बस जाईल माझी." आणि मी पाकीट ओसरीतच ठेवून पळाले.

मला माहीत होतं, की बाहेरून आलेली वस्तू अम्माच्या हाताखालून जाते. आणि म्हाताऱ्यानंच मला पहिल्या वर्षी शिकवलेलं, की ठोकळे धुवायचे तर हाताला सोसेल एवढ्याच कोमट पाण्यात, त्यापुढं नाही. मला दोन्ही गोष्टी माहीत होत्या. घरात त्या दोन्ही माहीत असलेलं माणूस मी एकटीच होते.

संध्याकाळी आले तेव्हा ओसरीत विड्या दिसल्या नाहीत. सुपात धुतलेला पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर एकेक ठोकळा सुटा मांडून ठेवला होता, वाळवणासारखा. शेजारी पातेलं पालथं घातलेलं. मी एक उचलला. तो फुगल्यासारखा, एका अंगानं वाकलेला होता. दुसरा घेऊन त्याच्यावर दाबला. बसेना. तिसरा बसेना. कमानीचे दोन्ही पाय आत ओढले गेले होते.

"तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी ओरडले. माग चालू होते तरी गल्लीत ऐकू गेलं असणार, कारण शांताक्का दारात येऊन उभी राहिली. "उकळतं पाणी ओतलंस? मेलेल्या माणसाचं म्हणून विटाळ झाला तुला?"

अम्मा उठली नाही. पदराला हात पुसत बसली.

"इटाळ न्हाय गं," ती म्हणाली. "त्येला आंगुळ घातली मी."

मी हातातला ठोकळा परत टॉवेलवर ठेवला.

"तिकडं बर्फ पडतंय म्हणत हुतीस की. मंग त्येला कढत पानी नको व्हय? आपलं मानूस अस्तं तर गार पान्यानं घातली अस्ती का? एवढी वर्सं माज्या पाठीचं इचारत हुता. आपल्या घरात आला आन् तसाच ठिवायचा?" मग तिनं एक वाकडा ठोकळा उचलून दोन बोटांत धरला, त्या शिपायाला धरला होता तसा. "वाकलं का गं ह्ये? मला काय म्हाईत बिड्डा, लेकरा. ह्ये बी वाकतंय, मला काय म्हाईत."

शांताक्का हळूच निघून गेली. मी उंबऱ्यावर बसले. आता वाटतं, त्याच क्षणी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. तशी अक्कल वेळेवर येत नाही.

थोड्या वेळानं अम्मा म्हणाली, "पानी घालताना नाव घ्यावं लागतंय. मला त्येचं नाव ठावं न्हवतं. मी आपलं 'पद्मीचा म्हातारा, पद्मीचा म्हातारा' म्हणत घातलं. नाव काय हुतं त्येचं?"

"म्हातारा गवंडी."

"ते न्हवं. आईबापानं ठिवल्यालं."

मागांचा आवाज चालू होता. तो तसाच चालू राहावा असं मला वाटलं, म्हणजे उत्तर द्यावं लागणार नाही. पण अम्मा वाट बघत बसली.

"माहीत नाही," मी म्हटलं.

अम्मानं माझ्याकडं पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून आठवतं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कुणाच्या तरी लेकराकडं पाहावं तसं पाहिलं तिनं, ज्याला घरी काही शिकवलं नाही असं लेकरू. "न्हाय इचारलं?" ती म्हणाली. "एवढी वर्सं बोलत हुतीस की गं."

नंतरचे दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. अम्मा स्वतःला दोष देत होती, मेलेल्या माणसाची वस्तू आपल्या हातानं नासली म्हणून. जेवताना दोन घास कमी खायची आणि नायनांनी विचारलं तर म्हणायची, पोटात जागा न्हाय. मी तिला म्हणत होते, तुझी चूक नाही. तिला ते खरं वाटत नव्हतं, आणि तिची नाही तर मग कुणाची, हे मी तोंडानं म्हणत नव्हते. ठरलेला दिवस जवळ येत होता. शेवटी मी सलीमभाईंकडं गेले. मोबाइल असूनही तिथंच गेले, कारण असलं इंग्रजी एकटीनं लिहायचं बळ नव्हतं. मंडळीला झालं ते सगळं सांगितलं. आईनं दगडांना आंघोळ घातली, ते वाकले, आता ते भिंतीत बसत नाहीत, मला क्षमा करा. आणि माझी आई त्याचं खरं नाव विचारते आहे. रीत मोडते आहे, पण कुणी सांगेल का?

सलीमभाईंनी ते पान उघडंच ठेवलं. मग एकेक ओळ यायला लागली. मला माहीत नाही. मलाही नाही. किल्लेदार, लोहार, घोडेस्वार, वर्षानुवर्षं त्याच्याशी बोललेली माणसं, सगळ्यांची एकच ओळ. सलीमभाई वाचता वाचता थांबले. "किसीकूच नई मालूम," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. शेवटी लोहारानं लिहिलं, की दगड त्याच्या मुलीनं दिले होते, मी तिला विचारतो. तिची पाठ कशी आहे तेही विचारतो, असं त्यानं पुढं लिहिलं. वाचून मला हसू आलं आणि मग रडू आवरेना.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी भुईकोट कपाटावरून काढला. उत्तरेच्या बाजूला जागा मोकळी केली. पण ठोकळे बसेनात ते बसेनातच. डिंक लावणं त्या मंडळीत पाप. मी हात टेकून बसले होते. अम्मा विड्यांचा दोरा घेऊन शेजारी येऊन बसली. काही न विचारता तिनं दोन वाकडे ठोकळे एकावर एक धरले, विड्यांचा कट्टा बांधतात तसा दोरा फिरवला, बोटानं गाठ आवळली. मग तिसरा, मग चौथा. सगळे बांधून झाल्यावर तो कट्टा तिनं मोकळ्या जागेत उभा केला आणि दोऱ्याची दोन टोकं शेजारच्या बुरुजाला बांधून टाकली. कमान वर आडवी ठेवली. ती भिंत वाकडी होती, गुलाबी दोऱ्याची होती, आणि पडत नव्हती.

तेवढ्यात सलीमभाई स्वतः ओसरीत आले. त्या दिवशी कॅमेरा तेच घेऊन आले होते, उसना आणलेला. "आ गया," त्यांनी मला सांगितलं. "बेटी का जवाब आया." आणि नाव सांगितलं.

"काय म्हणत्यात?" अम्मानं विचारलं.

"आर्ने," मी म्हटलं. "त्याचं नाव आर्ने होतं."

"आर्ने." अम्मानं एकदा म्हणून पाहिलं. मग परत, नीट. "आर्ने. सोपं हाय की." दोऱ्याचं रीळ सुपात टाकता टाकता ती थांबली. "एवढं सोपं नाव गं, पद्मे."

आज ती नाही, आणि ती मंडळीही बंद पडून बरीच वर्षं झाली. ती भिंत माझ्या अकलूजच्या घरात काचेच्या कपाटात आहे. वर्गात नवं पोर आलं की मी हजेरीत नाव असूनही त्याला नाव विचारते, आईचंही विचारते. पोरांना वाटतं बाईंना विसरायला होतं.

त्या दिवशी फोटो काढायच्या आधी अम्मा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. सलीमभाईंनी कॅमेरा खाली घेतला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, त्या वाकड्या भिंतीवर सोडलं आणि नाव घेतलं. मग तांब्या माझ्यापुढं धरला. मीही पाणी सोडलं आणि नाव घेतलं. या वेळी पाणी गार होतं.